जोड कोण लावतो?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा नातू नगरला आला, की आमच्या घरातली रात्र लांबते. (२०२४ पासून आमचे शहर अहिल्यानगर झाले आहे, पण साठ वर्षांची जिभेची सवय जाता जात नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) यंदाही तसेच झाले. अकराच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो, तर पुढच्या खोलीत निळसर उजेड. स्वारी मांडी घालून, कानांत बोंडे खुपसून, मोबाइलकडे एकटक पाहत बसलेली. पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरत होते. खेळ काही सुरू झालेला दिसेना.

"कशाची वाट पाहतोयस रे?"

"मॅचमेकिंग चाललंय, आजोबा."

आमच्या पिढीच्या कानाला हा शब्द वधूवर सूचक मंडळातलाच. "कोणाचं जमवतोयस?" असे मी विचारले, तेव्हा तो खो-खो हसला. "लग्न नाही हो! समोर कोण खेळणार ते शोधतंय. माझ्या लेव्हलचे."

"कोण शोधतंय?"

या प्रश्नाला मात्र त्याच्यापाशी धड उत्तर नव्हते. "सर्व्हर," असे तो म्हणाला आणि तेवढ्यात वर्तुळ थांबले. सात-आठ सेकंदांत माझ्या नातवाची आणि कुठकुठल्या अनोळखी खेळाडूंची जोड लागली होती. त्यांत कोणी नागपूरचा असेल, कोणी सुरतेचा, कोणी दुबईचा. बंदुका कडाडू लागल्या. मी पुन्हा अंथरुणावर पडलो. पण झोप येईना. जोड लागली हे ठीक. पण जोड लावली कोणी?

हा प्रश्न माझ्यासारख्याला पडावा, याला कारण आहे. आमचे मूळ गाव श्रीगोंदा तालुक्यातले. चैत्रात जत्रा आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, जत्रेत भरणाऱ्या कुस्त्यांच्या फडाला आमच्याकडे हगामा म्हणतात. दुपारी तीनच्या उन्हात हलगी कडाडायला लागली, की पोरेटोरे मातीच्या कडेला गोळा होत. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. मग नारळाची, मग दोन रुपयांची, पाच रुपयांची, असे करत दिवस मावळता मावळता शेवटची, मानाची कुस्ती.

या साऱ्यात सर्वांत अवघड काम पैलवानाचे नसे. ते असे जोड लावणाऱ्याचे. आमचे थोरले चुलते, म्हणजे तात्या, हे काम वर्षानुवर्षे करीत. कुस्ती मागणारा पैलवान हात वर करून मातीत फेरी मारी. समोरून कोणी उठला, की तात्या दोघांना शेजारी-शेजारी उभे करीत. खांद्याला खांदा लावून उंची बघत, दंड चाचपत, मान बघत. कोणत्या वस्तादाचा पठ्ठा, मागच्या जत्रेत कोणाशी लढला, आजारातून उठला आहे काय, सारे विचारत. वजनकाटा गावात एकच, तोही वाण्याच्या दुकानात. तरी तात्यांच्या नजरेचा अंदाज सहसा चुकत नसे. अटीतटीच्या लढतीला आपण 'काटा कुस्ती' म्हणतो. तो काटा तात्यांच्या डोळ्यांत होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मीही एकदा रेवड्यांसाठी उतरलो होतो. समोर माझ्याच उंचीचा, माझ्यासारखाच बरगड्या मोजून घ्याव्यात असा पोरगा. त्याने मला बघता बघता चीत केले. मी रडत कडेला आलो, तेव्हा तात्या एवढेच म्हणाले, "आरं, हरलास तर हरलास. बरोबरीच्याशी हरलास ना?" त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. बरोबरीच्याशी झालेल्या हारीत अपमान नसतो, शिकवण असते. आपल्यापेक्षा दुबळ्याला पाडले तर फक्त रेवड्या मिळतात आणि आपल्यापेक्षा बलदंडाने पाडले तर नुसते हाड दुखते. खेळाची सारी गोडी जोडीत आहे.

आता मोबाइलमधले ते फिरते वर्तुळ नेमके काय करते, ते पाहू. मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे; पण छत्तीस वर्षे बँकेत आकड्यांशी झोंबी घेतली असल्याने हे गणित मला परके वाटले नाही. त्याचे मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो नावाचा, जन्माने हंगेरियन असलेला एक प्राध्यापक अमेरिकेत मिलवॉकी येथे पदार्थविज्ञान शिकवीत असे. स्वतः चांगला बुद्धिबळपटू. त्याने खेळाडूची ताकद एका आकड्यात मांडायची रीत बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये स्वीकारली, जागतिक संघटनेने १९७० मध्ये. कल्पना साधी आहे. दोघांचे आकडे सारखे असतील तर दोघांनाही समान संधी. एकाचा १५०० आणि दुसऱ्याचा १७०० असेल, तर १५०० वाल्याने शंभर डावांत साधारण चोवीस गुण मिळवावेत, अशी अपेक्षा. त्याने तो डाव जिंकला तर त्याच्या खात्यात सुमारे पंधरा गुण जमा. हरला तर जेमतेम पाच वजा. अपेक्षेपेक्षा अधिक केलेस तर अधिक मिळेल, अपेक्षेइतकेच केलेस तर फारसे काही हलणार नाही. आमच्या नगरचा शार्दूल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला, तेव्हा त्यालाही याच मोजपट्टीवर २५०० ची रेघ ओलांडावी लागली होती.

पण बुद्धिबळात समोरासमोर दोघेच. मोबाइलवरच्या खेळांत टोळ्या असतात आणि रोज हजारो नवे भिडू येतात, ज्यांचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात 'ट्रूस्किल' नावाची पद्धत काढली, ती त्यांच्या एक्सबॉक्सवरच्या खेळांसाठी. तिच्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे असतात. एक त्याच्या कौशल्याचा अंदाज. दुसरा, त्या अंदाजावर किती विसंबावे याचा. नवखा आला की दुसरा आकडा मोठा, म्हणजे 'अजून खात्री नाही'. जसजसे सामने होतील तसतशी शंका कमी होत जाते.

हे वाचले आणि मला माझ्या कर्जविभागाच्या टेबलाची आठवण झाली. नवा शेतकरी विहिरीच्या कर्जासाठी आला, की आम्ही तरी काय करीत होतो? सात-बारा बघायचा, जामीनदार बघायचा, आणि तरीही मनात दुसरा आकडा मोठाच असायचा. दोन हंगामांची परतफेड वेळेवर झाली, की तो लहान व्हायचा. पुढे हे कामही आकड्यांच्या हवाली झाले. २००० साली सिबिल ही संस्था निघाली आणि माणसाची पत तीन अंकांत आली. सोय झाली, वशिलेबाजीही काही प्रमाणात कमी झाली, हे मी नाकारणार नाही. पण आकडा कमी का आला, हे शेतकऱ्याला समजावून सांगताना कित्येकदा मलाच समजत नसे.

खेळाच्या जोडीत कौशल्याइतकीच आणखी दोन गोष्टींची गणना होते. पहिली, अंतर. काचेच्या तंतूतून जाणारा संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वेग अफाट, पण खेळातला नेम सेकंदाच्या लहानशा भागात साधायचा असतो. हजार किलोमीटर जाऊन परत यायला निदान एक शतांश सेकंद जातोच, आणि वाटेतली ठाणी त्यात आणखी भर घालतात. म्हणून नगरच्या पोराला शक्यतो मुंबईच्या सर्व्हरवर आणि जवळपासच्या भिडूंशी जोडतात. सातासमुद्रापलीकडचा भिडू दिला, तर याने चाप ओढेपर्यंत तो पसार झालेला असतो. पोरे याला 'पिंग' म्हणतात आणि पिंग वाढला की घरच्या वायफायला शिव्या देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वाट पाहणे. अगदी तंतोतंत बरोबरीचा हवा असेल तर तासभर थांबावे लागेल. म्हणून वर्तुळ जितका वेळ फिरते, तितकी अट सैल होत जाते. तात्याही तेच करीत. दिवस कलायला आला आणि एखादा पैलवान बिनजोडीचा उरला, की ते म्हणत, "उन्नीस-बीस चालंल, लावा हात." यंत्राने हे शहाणपण कोणाकडून उसने घेतले नसेल, पण अडचण तीच असल्याने तोडगाही तोच निघाला.

तेव्हा यंत्राला उगाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. तात्या एका दिवसात पन्नास जोडी लावत. हे यंत्र एका मिनिटात हजारो लावते, जात विचारत नाही, गाव विचारत नाही, पाटलाचा पोरगा म्हणून सोपा गडी देत नाही. पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराचा मुलगा आणि मुंबईच्या डॉक्टरांचा मुलगा केवळ कौशल्याच्या बरोबरीने समोरासमोर येतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. लबाडी इथेही आहेच. मुरलेला खेळाडू नव्या नावाने खाते उघडतो, यंत्र त्याला नवखा समजते आणि तो कच्च्या पोरांची कत्तल करीत सुटतो. इंग्रजीत त्याला 'स्मर्फ' म्हणतात. आम्ही बँकवाले त्याला बेनामी खाते म्हटले असते.

हा प्रकार हगाम्यालाही नवा नव्हता, आणि इथेच मला जी गोष्ट सांगायची आहे ती येते.

एका वर्षी परगावचा एक तरुण आला. अंगाने मध्यम, बोलायला गरीब, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तात्यांनी घाईत त्याची जोड गावातल्या एका उमद्या पोराशी लावली. सलामी झाली, टॉवेल सुटला आणि लोकांना त्याचे कान दिसले. वर्षानुवर्षे तालमीत घासून सुजलेले, गोळा झालेले कान. तो कसलेला पैलवान होता. कुस्ती सोडवायला तात्या धावले, तोवर आमच्या पोराचा खांदा निखळला होता.

दुसऱ्या दिवशी तात्या त्या पोराच्या दारात गेले. हाडवैद्याचे पैसे त्यांनी दिले. त्याच्या आईसमोर हात जोडून म्हणाले, "जोड म्या लावली होती. चूक माझी." त्या पोराला औत धरता येईना, तर पेरणीला आमचे बैल त्याच्या रानात गेले. पुढची दोन वर्षे तात्या पंचांच्या बाजेवर बसले नाहीत. तिसऱ्या वर्षी गावाने गळ घातली तेव्हा बसले, पण त्यानंतर प्रत्येक अनोळखी गड्याला त्यांचा पहिला शब्द असे, "कान दाव."

माझे सारे म्हणणे या गोष्टीत आहे. तात्या अचूक होते म्हणून लोकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, ते चुकलेही. विश्वास एवढ्यासाठी होता, की जोड चारचौघांच्या देखत लागे, कडेचा कोणीही "ही जोड बरोबर नाही" असे ओरडू शके, आणि चुकल्यावर कोणाच्या दारात जायचे हे सगळ्यांना ठाऊक असे.

यंत्राची जोड मात्र आडोशाला लागते. कौशल्य, अंतर, प्रतीक्षा ही तीन मापे आपल्याला सांगितली जातात. पण चौथेही एखादे माप असले तर? ही शंका हवेतली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ॲक्टिव्हिजन या बड्या खेळकंपनीला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. त्यातली कल्पना अशी, की नवख्याची गाठ मुद्दाम मुरलेल्याशी घालावी, म्हणजे त्याच्या हातातली भारी बंदूक पाहून नवख्यालाही ती विकत घ्यावीशी वाटेल. ही कल्पना आपण कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या कंपनीतल्या आणि काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक निबंध सादर केला. त्यांचे म्हणणे, बरोबरीची जोड हीच खेळाडूला खिळवून ठेवायला उत्तम असते असे नाही. लागोपाठ हरलेला माणूस खेळ सोडून जाण्याचा संभव केव्हा वाढतो याचा हिशेब ठेवून जोड लावली, तर तो जास्त काळ टिकतो. संशोधन म्हणजे वापर नव्हे, हे मान्य. पण विचार कोठवर गेला आहे, ते यातून दिसते. जोड कुस्तीसाठी लावायची, की गर्दी हटू नये म्हणून लावायची, हा तो प्रश्न आहे. कुस्तीच्या भाषेत दुसऱ्या प्रकाराचे सख्खे भावंड म्हणजे 'नुरा कुस्ती'. फरक इतकाच, की नुरा कुस्तीत निदान दोन्ही पैलवानांना ठाऊक असते.

नातवाच्या मुक्कामात मी एक रात्र त्याच्या शेजारी बसून काढली. तीन डाव तो हरला. चेहरा उतरला, आता उठतोय असे वाटले. चौथ्या डावात मात्र त्याने धडाधड अकरा गडी टिपले. "बघितलंत?" म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि "अजून एकच" म्हणून पाचवा डाव लावला. ती सोपी जोड योगायोगाने आली की आणली गेली, मला ठाऊक नाही. आणि मला ठाऊक व्हायला काही मार्ग नाही, हेच माझे दुखणे आहे. सकाळी चहाच्या वेळी तो जरा खट्टू दिसला. मित्राशी बोलताना कळले होते, की त्या अकरांतले बरेचसे बहुधा 'बॉट' होते. म्हणजे माणसे नव्हेतच; यंत्राने चालवलेली बाहुली. अनेक मोबाइल खेळांत नवख्यांसमोर अशी बाहुली ठेवतात, ही आता गुपित राहिलेली गोष्ट नाही. "म्हणजे मी कुणाला हरवलंच नाही," तो म्हणाला. चौदा वर्षांच्या मुलाचा तो आवाज ऐकून मला आमचा हगामा आठवला. तिथे रेवड्यांसाठीसुद्धा समोर जिवंत पोरगा उभा असे.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रच नको. तसे मुळीच नाही. बुद्धिबळाच्या स्पर्धांत ज्याला स्विस पद्धत म्हणतात, ती १८९५ साली झुरिकला प्रथम वापरली गेली. सारख्या गुणांचे खेळाडू पुढच्या फेरीत एकमेकांसमोर आणायचे, एकदा खेळलेली जोडी पुन्हा आणायची नाही, असे तिचे नियम. आजकाल या जोड्या संगणकच लावतो. पण फेरीआधी कागद भिंतीवर चिकटवला जातो, पोरे आणि पालक त्याच्याभोवती गर्दी करतात आणि एखाद्याचे गुण चुकीचे धरले असतील तर पंचांकडे तक्रार करता येते. 'लिचेस' नावाचे बुद्धिबळाचे मोफत संकेतस्थळ आहे. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येईल अशी खुली ठेवलेली आहे. म्हणजे जोड यंत्राने लावली म्हणून ती झाकलीच पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही.

आणि उघडेपणाने वाद मिटतात, असाही माझा दावा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळ गदेचा मानकरी ठरला. पण त्याआधी शिवराज राक्षेबरोबरच्या त्याच्या लढतीच्या निकालावरून जो गोंधळ झाला, तो साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. संघटनांच्या भांडणापायी पुढच्याच महिन्यात याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसरी महाराष्ट्र केसरी झाली. तिथे वेताळ शेळके जिंकला. शोभा झाली खरी. तरी त्या पंचाचा निर्णय हजारो डोळ्यांसमोर झाला, चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या गेल्या, चहाच्या टपरीवर महिनाभर वाद रंगले. लोकांना भांडता आले, कारण लोकांना दिसले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई झाली, ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळाली. पैशापायी घरे बसलेली मी बँकेच्या खिडकीतून पाहिली आहेत. त्यामुळे मनाईबद्दल मला वाईट वाटले नाही. पण ज्या खेळाला आपण खेळ म्हणून मान देतो, त्याच्याकडून दोन गोष्टी तरी मागायला हव्यात. जोड कोणत्या मापांनी लागते, ते साध्या भाषेत सांगा. आणि समोर माणूस आहे की बाहुली, हे लपवू नका. सराव म्हणून बाहुली द्यायला हरकत नाही. आम्हीही तालमीत खांबाशी झुंजलो आहोत. पण तो खांब आहे हे आम्हाला ठाऊक होते.

आणि थोडे आपल्याकडेही आहे. आपण घरातली मोठी माणसे मुलांना एकच प्रश्न विचारतो, "किती वेळ खेळतोयस?" प्रश्न बरोबर आहे, हगामाही दिवस मावळला की संपत असे आणि तात्या पोरांना "घरी जावा, दूध प्या" म्हणून हुसकत. पण घड्याळावर बोट ठेवणारा माणूस मुलांच्या लेखी वॉचमन असतो, पंच नव्हे. त्यांच्या खेळात शिरायचे असेल तर दुसराही प्रश्न विचारावा लागेल.

नातू पुण्याला परत गेला, त्याला आठवडा झाला. निघताना मी त्याला तात्यांची गोष्ट सांगितली होती. सुजलेल्या कानांचा भाग त्याला विशेष आवडला. परवा रात्री त्याचा फोन आला, तेव्हा किती वेळ खेळलास हे न विचारता मी म्हणालो, "आज जोड कशी होती?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हरलो आजोबा, एका पॉइंटनं. पण समोरचे खरे होते. आमच्याएवढेच."

"मग झोप आता," मी म्हणालो. आणि आश्चर्य म्हणजे, तो झोपला.